वाचनालयात वाचणं सोडून

जुन्या पुस्तकांच्या वासावर मराठीत इतकं लिहून झालं आहे की आता त्या लेखांनाच वास यायला लागलाय. प्रत्येक लेखकाला तो वास लहानपणी, आजोळी, माळ्यावरच्या ट्रंकेत भेटतो आणि त्याचे डोळे पाणावतात. यातला एकही लेखक माहुलला राहिलेला नसावा. आम्ही माहुलकर वासाच्या बाबतीत हळवे नसतो, जाणकार असतो. एका अंगाला तेलशुद्धीकरण कारखाने, दुसऱ्या अंगाला खताचा कारखाना, मधे कोळीवाड्यात वाळत घातलेली सुकट आणि ओहोटीला उघडा पडणारा खाडीचा चिखल. वारा कुठून वाहतोय ते कळायला आम्हाला वेधशाळा लागत नाही. पाहुणे नाकाला रुमाल लावून विचारतात, "कसला हो हा वास?" आणि आम्ही खरोखर विचारात पडतो, की यातला नेमका कुठला विचारतायत. डोळे आमचेही पाणावतात, पण त्यासाठी आजोळी जावं लागत नाही.

तेव्हा मी वाचनालयात पुस्तकांचा वास घ्यायला गेलो असं कुणी समजू नये. मी गेलो झोपायला.

पाळीत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. रात्रपाळी करून आलेल्या माणसाची दुपार ही सार्वजनिक मालमत्ता असते. वरच्या मजल्यावर लाद्या कापायचं काम नेमकं तेव्हाच निघतं. खाली भंगारवाला येतो. तो स्वतः ओरडत नाही, त्याचा आवाज टेप करून ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचा घसा बसायचीही आशा नाही. आणि घरातून, "नाहीतरी जागेच आहात तर" या शब्दांनी सुरू होणारी वाक्यं येत राहतात. पाळीतलाच एक जुना सहकारी म्हणाला, "वाचनालयात जा. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' असं लिहिलेलं असतं."

लिहिलेलं असतं, एवढंच तो म्हणाला होता. नंतर विचार करता त्याच्या बोलण्यात खोट काढता येत नाही.

वाचनालय चेंबूरच्या बाजूला आहे. नाव सांगत नाही, कारण हे वाचून कार्यकारिणीची तातडीची सभा बोलावली जाईल, ती गणपूर्तीअभावी तहकूब होईल आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरेल. तिथे जायला पूर्वी मोनोरेल होती. मोनोच्या स्थानकांची नावं म्हणजे आमच्या भागाचं थोडक्यात चरित्रच: इकडे भारत पेट्रोलियम, फर्टिलायझर टाउनशिप, तिकडे भक्ती पार्क, आणि वडाळ्याच्या पुढे थेट आचार्य अत्रे नगर. खत आणि तेलातून निघून भक्तिमार्गाने साहित्यापर्यंत नेणारी ही मुंबईतली एकमेव गाडी सप्टेंबर २०२५ मध्ये नूतनीकरणासाठी थांबवली. मग उरली रिक्षा. रिक्षावाल्याला वाचनालयाचं नाव सांगितलं, तर म्हणाला, "ते कुठे आलं?" त्याच्या शेजारचं वडापावचं दुकान सांगितलं, तर लगेच मीटर टाकला.

मुंबईत वाचनालयांचीही उतरंड असते. पार्लेकर लोकमान्य सेवा संघाचं नाव घेताना आपोआप ताठ बसतो. संघ १९२३ सालचा आहे, हे तो न विचारता सांगतो. मुलुंडकर महाराष्ट्र सेवा संघाचा विषय काढतो. दादरकर दोघांकडे पाहून मंद हसतो, कारण मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं. ठाणेकराला तेवढंच हवं असतं: "आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३." पुणेकरांचं नगर वाचन मंदिर १८४८ चं आहे, पण या यादीत पहिला नंबर लागत नसल्यामुळे ते चर्चेत भाग घेत नाहीत. सगळ्यांचं बोलून झालं की रत्नागिरीकर १८२८ हा आकडा तेवढा टेबलावर ठेवतो आणि सुपारी कातरायला घेतो.

आम्ही माहुलकर अशा गप्पांत चहा आणतो.

आत गेल्यावर पहिला लागतो तो मुक्तद्वार विभाग. म्हणजे फुकट पेपर वाचायची जागा. इथे वर्गणी नाही, ओळखपत्र नाही. मुंबईत काहीही विकत न घेता, कुणाला न भेटता, तासन्‌तास बसता येईल आणि वर डोक्यावर पंखाही असेल, अशा जागा देव आणि वाचनालय यांनीच काय त्या ठेवल्यात. त्यातही देवळात दुपारी दार लावून घेतात. टेबलाभोवती सात-आठ ज्येष्ठ नागरिक बसले होते. पेपर एक, पण त्याची पानं सुटी करून वाटून घेतलेली. एकाकडे क्रीडा, एकाकडे अग्रलेख, एकाकडे छोट्या जाहिराती. पहिलं पान ज्यांच्याकडे होतं ते आजोबा ते सोडायला तयार नव्हते. मागायची पद्धत नाही. शेजारच्याने खोकायचं असतं. पहिल्या खोकल्याला आजोबा पान उलटतात, म्हणजे मागची बाजू राहिलीय असं सुचवतात. दुसऱ्या खोकल्याला चष्मा पुसतात. तिसऱ्याला पान सरकवतात, पण हात त्यावरच ठेवतात.

निधनवार्तांचं पान मात्र सगळ्यांत वेगाने फिरतं. प्रत्येक जण त्यावरून बोट फिरवतो आणि मोठ्या समाधानाने पुढे देतो. आपलं नाव त्यात नाही ही दिवसातली एक तरी चांगली बातमी पेपर रोज न चुकता देतो.

कोड्याच्या जागी वाचनालयाचा गोल शिक्का मारलेला होता. कोडं कुणी सोडवू नये म्हणून ही तजवीज. तरीही शिक्क्याच्या पोटातल्या चौकटींत पेनाने अक्षरं भरलेली होती. काही चौकटी शिक्क्याच्या शाईने वाचता येत नव्हत्या, तिथे सोडवणाऱ्याने अंदाजाने भरलं होतं आणि, आजोबांच्या मते, बरोबर भरलं होतं.

ग्रंथालयशास्त्राचे आद्य पुरुष एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच नियम सांगितले. त्यातला चौथा असा, की वाचकाचा वेळ वाचवा. माणूस थोर, पण दुपारी तीन वाजता या टेबलाशी बसला नसावा. इथे प्रत्येकाकडे वेळ इतका आहे की वाचवलेला ठेवायचा कुठे, हाच प्रश्न. सून जेवणं आवरून आडवी झालीय, नातू क्लासला गेलाय, चहा पाचला. या दोन तासांना वाचवण्याची नव्हे, घालवण्याची गरज असते आणि त्या कामी मराठी वृत्तपत्रांचे अग्रलेख अत्यंत गुणकारी आहेत. रंगनाथनांचा पहिला नियम पुस्तकं वापरासाठी असतात हा. तो मात्र इथे तंतोतंत पाळला जातो: टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली पंचवार्षिक योजनेचा एक अहवाल होता.

मी कोपऱ्यातली खुर्ची धरली, एक जाडजूड चरित्र पुढे उभं केलं आणि त्याच्या आडोशाला डोळे मिटले. एक डुलकी झाली असेल, तोच शिपाईकाकांनी टेबलावर किल्ल्या वाजवल्या.

"झोपायचं नाही हां इथं."

"वाचत होतो हो."

"डोळे मिटून वाचायला ना नाही," काका म्हणाले, "पण पुस्तक उलटं धरलंय. बाहेरचं माणूस आलं तर संस्थेचं नाव जातं."

नियमित झोपणाऱ्यांकडून शिकण्यासारखं बरंच होतं. समोरच्या गृहस्थांनी पान उलटण्याची सवय झोपेतही टिकवली होती. दर काही मिनिटांनी अंगठा ओला करून ते एक पान उलटत. त्या वेगाने त्यांनी दुपारभरात चाळीसेक पानं सहज वाचली असतील आणि संस्थेचं नाव कुठेही गेलं नाही.

शेजारच्या खोलीत अभ्यासिका. इथलं जग वेगळं. सगळी मुलंमुली स्पर्धा परीक्षेची. जागा पहाटेच धरलेल्या; लोकलमध्ये रुमाल टाकतात तशा इथे पाण्याच्या बाटल्या. बाटली असली की तिथे माणूस आहे असं धरायचं, मग तो माणूस गावाला का गेलेला असेना. या खोलीत खरी शांतता असते, कारण प्रत्येकाच्या कानात काहीतरी खुपसलेलं असतं. वाचनालयाचं एकही पुस्तक इथे येत नाही. प्रत्येक जण आपापली गाईडं घेऊन येतो, वाचनालयाची फक्त खुर्ची, पंखा आणि पाणी घेतो.

पाण्याच्या कूलरपाशी एक मुलगा उभ्या उभ्या पाठ करत होता. मला पाहून म्हणाला, "काका, जरा विचारा ना," आणि वही हातात दिली. योगायोगाने पान ग्रंथालयांचंच निघालं.

"महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा?"

"१९६७."

"त्याच्या आधी?"

"कोल्हापूर संस्थान, १९४५. मद्रास, १९४८."

"मद्रासमध्ये आणि आपल्यात फरक काय?"

"तिकडे ग्रंथालयासाठी वेगळा कर घेतात. आपल्याकडे नाही. आपल्याकडे अनुदान. अ, ब, क, ड वर्ग."

"पुस्तकांचं गाव?"

"भिलार, तालुका महाबळेश्वर, जिल्हा सातारा. ४ मे २०१७."

"गेलायस का कधी?"

"परीक्षा झाल्यावर."

"आणि इथलं एखादं पुस्तक घरी नेलंयस?"

त्याने वही परत घेतली. "काका, हे सिलॅबसमध्ये नाही."

मला त्या मुलाचं काही वावगं वाटलं नाही. कराचं मात्र मनात राहिलं. आपल्या कायद्याने ग्रंथालयांसाठी कर लावला नाही, ही माझ्या मते मोठी चूक झाली. पैसे भरलेत म्हटल्यावर मराठी माणूस काय वाटेल ते वसूल करतो. लग्नात पाकीट दिलं की जिलबीची दुसरी फेरी, मुक्कामी हॉटेलात साबणाची वडी. घरपट्टीत वर्षाला वीस रुपये 'ग्रंथालय' म्हणून कापले असते, तर अख्ख्या महाराष्ट्राने "आपलेच पैसे आहेत" म्हणत ज्ञानकोशाचे खंड घरी नेले असते.

देवघेव विभागात ग्रंथपाल मॅडम बसतात. मध्ये लाकडी काउंटर, पलीकडे कपाटं. वाचकाने कपाटाशी जायचं नाही, नाव सांगायचं, मॅडम आणून देतात किंवा "बाहेर गेलंय" म्हणतात. पुस्तक बाहेर गेलंय हे त्या अशा सुरात सांगतात, की ते आपल्या पायाने गेलं असावं आणि संध्याकाळी भाजी घेऊन परत येईल. सभासदत्वाचा फॉर्म मागितला. फोटो, आधार, वीजबिल, अनामत, आणि दोन जुन्या सभासदांच्या सह्या.

"पत्ता?"

"माहुल."

मॅडमनी वर पाहिलं. "तिथून इथवर पुस्तकासाठी येता?"

झोपेसाठी, असं काही मला म्हणवेना. "वाचनाची आवड," मी म्हणालो. त्यांनी ती रकान्यात लिहूनही घेतली.

मग बोलणं निघालं. आमचं 'ब' वर्गात आहे, त्या म्हणाल्या. 'अ' मध्ये जायचं तर पुस्तकं वाढवायला हवीत, पुस्तकं वाढवायची तर अनुदान वाढायला हवं, आणि अनुदान वाढायचं तर 'अ' मध्ये जायला हवं. अनुदान हप्त्याने येतं. हप्ता येईपर्यंत पगाराचं काय, हे मी विचारलं नाही. त्यांनी टेबलावरच्या एका फाइलीवर नुसता हात ठेवला, आणि त्यावर 'पत्रव्यवहार – प्रलंबित' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालयं हजारांनी आहेत. तेवढ्या फाइली एकावर एक रचल्या तर 'अ' वर्गाचं एक वाचनालय नुसत्या त्यांचं होईल.

पुस्तकं लावण्याच्या जागतिक पद्धतीबद्दलही त्यांनीच सांगितलं. मेल्विल ड्यूई नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८७६ मध्ये सगळ्या जगाच्या ज्ञानाला आकडे वाटून दिले. साहित्याला आठशे. त्यात अमेरिकन साहित्याला ८१०, इंग्रजीला ८२०, मग जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, लॅटिन, ग्रीक असं करत प्रत्येकाला दहा-दहा खोल्यांची माडी. शेवटी ८९० उरले, ते 'इतर'. अख्खा आशिया, आफ्रिका आणि रशिया या एका 'इतर' मध्ये. त्यात मराठीचा नंबर ८९१.४६. ज्ञानेश्वरांपासून आजपर्यंतचे सगळे दशांशचिन्हाच्या उजवीकडे, चाळीच्या टोकाला, नळाला पाणी शेवटी येतं त्या खोलीत. "आम्ही तो नंबर घालत नाही," मॅडम म्हणाल्या, "आमचं आपलं कादंबरी, कथा, नाटक, चरित्र, आणि किरकोळ." ड्यूईला परस्पर उत्तर मिळालेलं पाहून बरं वाटलं. किरकोळमध्ये इंग्रजी पुस्तकं होती.

त्यांनी कपाट उघडलं आणि वास आला. लेखक मंडळी वर्णन करतात तो नव्हे. डांबरगोळ्यांचा. भसकन, नाकात शिरणारा, अस्सल हायड्रोकार्बन. बाकीचे दोन वाचक मागे सरले. मी पुढे झालो. परक्या गावात एकदम भावकीतलं कुणी भेटावं तसं झालं.

दिवाळी अंकांची योजना घ्यायची का, असं त्यांनी विचारलं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांना आपण कशाला जन्म देतोय याची कल्पना नसेल. वर्गणी भरायची आणि अंक पाळीपाळीने घरी न्यायचे. मागणीतले अंक आधी जुन्या सभासदांकडे जातात, त्यामुळे नव्या सभासदाच्या हाती दिवाळी साधारण आंब्याच्या मोसमात पडते. याचे तोटे सगळे सांगतात, फायदा कुणी सांगत नाही. अंकातलं वार्षिक राशिभविष्य मे महिन्यात वाचण्यासारखं सुख नाही. "डिसेंबरात अनपेक्षित धनलाभ." झाला होता का? नव्हता. "फेब्रुवारीत वरिष्ठांशी जपून." हे खरं. अर्धं भविष्य तपासून घेता येतं आणि उरलेल्या अर्ध्यावर किती विश्वास ठेवायचा ते ठरवता येतं. शास्त्रीय दृष्टी याहून वेगळी काय असते?

पुस्तकाचं नाव मला सुचेना. मॅडमनीच चार काढून समोर ठेवली. सगळी एकाच तपकिरी रेक्झिनच्या बांधणीत, पाठीवर पांढऱ्या रंगाने दाखल क्रमांक. वाचनालयाच्या बाइंडरसारखा समाजवादी मी पाहिला नाही. राजा, रंक, ऐतिहासिक, ग्रामीण, पाककृती, सगळ्यांना एक गणवेश. शिवाय तो कडा इतक्या मनापासून कापतो की प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर वाचकाने आपल्या कल्पनेतून घालायचं असतं.

चारांतली एक रहस्यकथा होती. बाबुराव अर्नाळकरांनी मराठीत हजारावर रहस्यकथा लिहून सबंध पिढीची झोप उडवली. ही त्यांची नव्हती, पण त्याच घराण्यातली, आणि वापरून मऊ झालेली. उघडून पाहतो तो समासभर पेन्सिल. आधी एका शुद्धलेखनवाल्याने वेलांट्या दुरुस्त करायला घेतल्या होत्या. चौसष्टाव्या पानापर्यंत त्याने खिंड लढवली आणि तिथे 'नमस्कार' असं लिहून तो निघून गेला. नायिकेच्या रूपवर्णनाशी कुणीतरी 'अतिशयोक्ती' लिहिलं होतं, त्याखाली वेगळ्या अक्षरात 'तुम्ही पाहिलीय का?' असं होतं. पण खरी गंमत त्याच्याही आधी. नवव्या पानावर डॉक्टरचं नाव प्रथम येतं, त्याखाली दोन रेघा मारून लिहिलेलं: 'खुनी हाच.' तिथे माझा निम्मा उत्साह गेला. पान उलटून बाराव्यावर आलो. तिथे मेहुण्याचा प्रवेश, आणि समासात दुसऱ्या हाताने: 'पान ९ वर विश्वास ठेवू नये. त्या इसमाने पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. खुनी हा.'

आता काय करणार? एक जण खोटं बोलतोय हे नक्की. लेखकाने घातलं नसेल एवढं रहस्य वाचकांनी घालून ठेवलं होतं. मी तिथेच, काउंटरला टेकून, वाचायला लागलो. शिपाईकाका दोनदा येऊन पाहून गेले. पुस्तक सुलटं होतं. झोप म्हणाल तर औषधालाही उरली नव्हती.

सहाच्या सुमाराला पंखे एकेक करून बंद व्हायला लागले; वेळ संपली असं तोंडाने सांगायची इथे पद्धत नाही. दोन सह्यांचा प्रश्न होताच. मुक्तद्वारातून पहिल्या पानाचे आजोबा छत्री घेऊन निघाले होते. मॅडम म्हणाल्या, "आप्पा, यांच्या फॉर्मवर एक सही करता का? माहुलचे आहेत."

आप्पांनी फॉर्म अग्रलेखासारखा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि माझ्या हातातल्या पुस्तकाचा दाखल क्रमांक चष्मा वर करून पाहिला.

"अरे वा, हे घेतलंत. उत्तम आहे."

"आप्पा, प्लीज, खुनी सांगू नका."

"छे छे! मी कशाला सांगीन? तो चावटपणा मला मुळीच खपत नाही." ते दारापर्यंत गेले आणि परत वळले. "फक्त नवव्या पानावरच्या त्या गाढवाचं ऐकू नका. मी बाराव्या पानावर खुलासा केलाय."